बदरीची कुपी

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणी पत्ता विचारला तर लोक माझ्या घरमालकांचं नाव सांगत नसत. ‘एली वात्तियार वीडु’ म्हणत, म्हणजे उंदीरमास्तरांचं घर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे नाव झोंबत असेल असं मला वाटायचं, पण सर स्वतः रिक्षावाल्याला तोच पत्ता देत.

“सिंह शिकवला असता तर सिंगम म्हटलं असतं, मॅडम. उंदीर शिकवतों. त्यास लोक काय करणार?”

मी साताऱ्याची. बँकेत बढती घेतली आणि बढतीबरोबर पदरात तंजावर पडलं. खोली मिळाली ती मराठी बोलणाऱ्यांच्या घरी, म्हणून आई निर्धास्त झाली. मी मात्र पहिले पंधरा दिवस नुसती मान डोलवत होते. यांच्या मराठीची चाल तमिळ, शब्द शिवकालीन, आणि स्वयंपाकघरात शिरलं की सगळी भांडी आणि भाज्या तमिळच. देवनागरी घरात कुणालाच वाचता येत नव्हती. साताऱ्याहून माझं पत्र आलं की अक्का ते हातात घेऊन निरखायच्या आणि परत द्यायच्या.

अक्का ही सरांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. सरांना तिनंच वाढवलं, आणि सरांनी लग्न केलं नाही. घरात ती दोघं आणि माडीवर मी. संध्याकाळी सरांची मोपेड दारात थांबली की आतून ठरलेला प्रश्न यायचा.

“काय शिकवलंस रे आज?”

“काही नाही, अक्का. उंदीर.”

“सेरि. पाय धू.”

सेरि म्हणजे बरं. एवढ्यावर तो विषय संपायचा. मला तेव्हा या संवादाचं हसू यायचं.

सर धोतरावर कोट घालत, कोटाच्या खिशात भिंग ठेवत आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींकडे एकाच नजरेनं बघत. चूक कुठे होते, हे त्यांचं वेड. शेजारची मुलगी व्हायोलिनचा रियाज करायची, तेव्हा हे भिंतीशी कान लावून उभे. एकदा तिच्या गुरूंना त्यांनी रस्त्यात गाठलं आणि सांगितलं की तुमची शिष्या वाटेल तिथे चुकत नाही, एका ठरावीक स्वरसमूहानंतरच चुकते, त्या आधी तिला कितीही रागवा, उपयोग नाही. गुरू दुखावले. मुलगी मात्र सुधारली. पापनाशमची बस उशिरा आली की लोक ड्रायव्हरला शिव्या देत. सर कंडक्टरला विचारत, “कुठल्या वळणावर?” राजवाड्यातल्या ग्रंथालयात ते ताडपत्रं बघायला जात, पण त्यात काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. नक्कल करणारा कुठे घसरला तेवढं त्यांना हवं असायचं.

“चूक झाली हें कुणीही सांगेल,” ते म्हणत. “तिथेंच कशास झाली तें सांगा.”

बँकेत आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा मी जेवताना त्याचं कौतुक सांगत होते. सरांनी विचारलं, “चुकतो का?” मी म्हटलं, नाही. त्यांचा त्याच्यातला रस तिथेच संपला.

या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदा गच्चीवर वडाम वाळत घालताना सांगितलं. अक्का खाली पीठ ढवळत होत्या, आणि आम्ही दोघं तांदळाच्या पिठाचे ते पापड कापडावर घालत होतो. ते म्हणाले, प्रत्येक जनावराच्या पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो. पिल्लू व्हायचं म्हणजे त्या मजकुराची नक्कल व्हायला हवी. नक्कल करताना अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या पिढीत जाते, आणि अशा चुका साठत साठत जनावरं बदलत जातात. इथवर मीही शाळेत शिकले होते.

“पण सगळ्यांस वाटतं, चुका पाऊस पडल्यासारख्या सगळीकडे सारख्या पडतात. तसं नाही, मॅडम. एकाच उंदराच्या मजकुरात एक जागा सारखी बदलते, आणि तिच्या शेजारची जागा ढिम्म. उंदीर लवकर लवकर बदलतो, हत्ती सावकाश. आणि नव्या चुका आईपेक्षा बापाकडून अधिक येतात.”

शेवटचं वाक्य त्यांनी कुंभकोणमच्या एका लग्नात, वराच्या वृद्ध पित्याला, पंगतीत ऐकवलं होतं. बाप जितका वयस्क तितक्या चुका जास्त, असं त्यांनी वर समजावूनही सांगितलं. नवरा मुलगा बापाला पन्नाशीत झालेला. सरांच्या हातात निरोपाची पानसुपारीची पिशवी पायसम यायच्या आधीच पडली. आम्ही तिघं उन्हात बसस्टँडवर आलो.

तर सरांचा प्रश्न असा होता. उंदराच्या मजकुरात जी जागा सारखी चुकते, तीच जागा हत्तीतही चुकते का? वाघळात? बकरीत? माणसात? म्हणजे ही कमजोरी त्या त्या जनावराची, की त्या जागेची? त्यांच्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. सर निवृत्तीला आले होते. आयुष्यभर इतरांची पुस्तकं शिकवली, एक गोष्ट तरी स्वतः शोधावी, एवढीच त्यांची इच्छा होती. हे सांगताना ते लाजले, आणि त्यांनी हातातला वडाम चुकून घडी पडलेल्या कापडावर घातला.

त्यासाठी त्यांनी काही वर्षं जनावरांच्या मागे घालवली. पापनाशमकडच्या भातखाचरांतली घूस, नारळीच्या बागेतलं उदमांजर, राजवाड्याच्या छतातलं वटवाघूळ, खार, बकरी, माकड, कुत्रा, रेडा. देवळातल्या हत्तिणीचं रक्त तपासायला जनावरांचे डॉक्टर येत तेव्हा सर छत्री आणि केळी घेऊन हजर. थोडं रक्त त्यांना मिळायचं. बदल्यात हत्तिणीनं एकदा त्यांचा चष्मा सोंडेत धरला तो अर्धा तास सोडला नाही. माणसाचा नमुना हवा होता तेव्हा त्यांनी स्वतःच्या दंडातून रक्त काढवून घेतलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते या सगळ्यातून तो मजकूर धुऊन, गाळून वेगळा काढत. शेवटी बोटाएवढ्या काचेच्या कुपीत जे उरायचं ते पाण्यासारखं स्वच्छ. रंग नाही, वास नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत होता. तिथे हा मजकूर वाचणारं यंत्र आलं होतं. यंत्र मोकळं झालं की मी कळवतो, तुम्ही कुप्या घेऊन या, असं त्यानं कबूल केलं होतं. यंत्र मोकळं होईपर्यंत कुप्या गारव्यात ठेवायच्या, एवढंच काय ते सरांच्या हातात उरलं होतं.

आणि तिथेच घोडं अडलं. कॉलेजात एकदा तारा जळाल्या, तेव्हापासून प्राचार्य संध्याकाळी मेन स्विच बंद करायला लावत. फ्रिज सकाळी कोमट. सरांनी अर्ज केले. उत्तर म्हणून कळलं की प्राणिशास्त्राची अर्धी प्रयोगशाळा आता कॉम्प्युटरच्या वर्गाला द्यायची आहे, आणि तिथे एअरकंडिशनर बसणार आहे. ते दिवसच तसे होते. गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबत होत्या, एसटीडी बूथ उघडत होते, आणि उंदीर शिकायला कुणी येत नव्हतं.

घरी फ्रिज होता, पण तो अक्कांचा. त्यात कांदासुद्धा जात नसे. घुशीच्या काळजातून काढलेलं काही त्यात ठेवतो म्हणायची सरांची छाती नव्हती. माझीही नसती झाली. म्हणून ते एका सकाळी कुप्यांचा स्टँड घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, “अक्का, तीर्थं आहेत. ठिकठिकाणची. सांभाळायची आहेत.”

आता गंमत अशी की सरांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. आकडे लिहिताना माणूस चुकतो, म्हणून प्रत्येक कुपीवर त्यांनी पट्टी चिकटवून काळ्या शाईनं त्या त्या प्राण्याचं चित्र काढलं होतं. अक्कांनी एकेक कुपी उजेडात धरली.

“हा उंदीर कशास?”

“गणपतीच्या क्षेत्राचं, अक्का.”

“हत्ती?”

“गजेंद्रमोक्ष जिथें झाला तिथलं.”

माकड रामेश्वरला गेलं, कुत्रा काशीच्या भैरवाला, आणि वटवाघूळ कुठल्याशा डोंगरातल्या देवीला. मी दाराशी पदर तोंडाला लावून उभी होते. रेड्याची कुपी बघून मात्र अक्का दचकल्या. यमाचं तीर्थ घरात नको म्हणाल्या. ती बिचारी कॉलेजात परत गेली आणि तिथल्या उकाड्यात वाया गेली. सर्वांत शेवटी एक उभा माणूस काढलेली कुपी निघाली.

“आणि हा कोण?”

सरांनी स्वतःचा दंड चोळला. “नर-नारायण. बदरीचं.”

अक्कांनी ती कुपी कपाळाला लावली. काशी-बदरी त्यांना घडली नव्हती, आता घडणारही नव्हती. भाऊ घरबसल्या सगळं घेऊन आला म्हणून त्यांचे डोळे भरून आले. सर नजर चुकवून बाहेर निघून गेले. कुप्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी राहिल्या. वर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या तर वीज जाऊन येऊन गोठतील, वितळतील, आणि मजकुराचे तुकडे पडतील, असं सरांचं म्हणणं होतं. अक्का रोज त्यांना नमस्कार करून मग दही काढत.

त्या वर्षी कावेरीला पाणी सुटलं नाही. तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस आला तरी पात्रात वाळूच. हा नदीचा सण. बायका भाताची चित्रान्नं करून, हळदीचा दोरा, काळे मणी, फुलं घेऊन काठावर जातात आणि भरल्या नदीची ओटी भरतात. नदीच नाही तेव्हा करायचं काय? लोकांनी वाळूत खड्डा करून त्यात बोअरचं पाणी ओतलं आणि त्यालाच कावेरी म्हटलं. मी अर्धा दिवस रजा काढून अक्कांबरोबर गेले होते. अक्का या पूजेत बसत नसत. विधवा बाईनं मागे उभं राहायचं, असा रिवाज. त्या जायच्या, पण दरवर्षी मागेच उभ्या राहायच्या.

त्या दिवशी त्या पुढे आल्या. हातात पितळेचा सोंबू, म्हणजे आपला तांब्या, तोंडाशी केळीचं पान बांधलेलं.

“वाट द्या, मा,” त्या म्हणाल्या. “मजपाशी गंगा आहे.”

बायकांनी वाट दिली. अक्का गुडघे टेकून वाळूत बसल्या आणि त्यांनी तो सोंबू खड्ड्यातल्या गढूळ पाण्यात सावकाश रिकामा केला. काशी, रामेश्वर, असं काहीतरी पुटपुटत होत्या. मी मागे होते. कुणी काशीहून आणून दिलेला गंगेचा गडू त्यांनी फोडला असेल, असं मला वाटलं. एका म्हातारीनं उठून त्यांना नमस्कार केला, मग बाकीच्यांनी. अक्कांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

घरी आलो तर सर आमच्या आधीच पोचले होते. हैदराबादहून निरोप आला होता. यंत्र पुढच्या आठवड्यात मोकळं होतंय, लगेच निघा. तिकीट काढून ते धावत घरी आले होते, आणि आता फ्रिजचं दार धरून उभे होते. ओट्यावर कुप्या घासूनपुसून ओळीनं पालथ्या घातलेल्या. पट्ट्या भिजून निघाल्या होत्या, उंदीर आणि हत्ती मोरीत वाहून गेले होते.

“दार लाव रे, गारवा जातो,” अक्का म्हणाल्या. “कावेरीस दिलं सगळं. तिच्यापेक्षा आणखी कुणास गरज होती? बरं केलं की नाही?”

सोंबूत काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी सरांकडे बघितलं. आता हा माणूस ओरडणार, आणि ओरडला तर त्याला कुणी काय म्हणावं?

सरांनी दार लावलं. “बरं केलंस, अक्का.”

“पाणी येईल ना?”

“येईल.”

आणि आलं. काही दिवसांनी धरण उघडलं, कालवे भरले, आणि खालच्या गावांतून रोपं लावायची घाई सुरू झाली. ते का उघडलं हे वर्तमानपत्रात होतं, पण आमच्या गल्लीनं पेपर वाचला नाही. गल्लीच्या मते ते अक्कांच्या गंगेनं आणलं. पुढच्या सणाला बायका त्यांना घरी बोलवायला आल्या आणि त्यांना पुढे बसवलं.

मी सरांना परत नमुने गोळा करा म्हणून खूप छळलं. ते ऐकून घेत. हत्तीण त्या उन्हाळ्यात गेली होती. प्रयोगशाळेच्या अर्ध्या भागात मुलं पडद्यांसमोर बसली होती, आणि उरलेली अर्धी कुलपात होती. हैदराबादचा विद्यार्थी अमेरिकेला निघाला होता, आणि यंत्रावर त्याच्या जागी येणारा सरांना ओळखत नव्हता. त्याला सरांनी कळवलं ते एवढंच, की वीज गेल्यामुळे नमुने खराब झाले.

“अक्कांना एकदा खरं सांगा तरी,” मी एका संध्याकाळी चिडून म्हटलं. “तुमचं काय गेलं ते त्यांना कळू दे.”

“काय सांगूं? वाळूत ओतलेलं पाणी घुशीचं होतं म्हणून सांगूं? सबंध गल्लीसमोर?” ते भिंग पुसत राहिले. “ती चुकली नाही, मॅडम. गंगा म्हटल्यावर ती आणखी काय करणार? चूक जिथें व्हायची तिथेंच झाली. जागा कच्ची होती, ती मी केलेली.”

माझी भाची आता याच विषयात काम करते. मध्यंतरी मी तिला सरांचा प्रश्न विचारला. ती कौतुकानं हसली. म्हणाली, मावशी, आता कितीतरी प्राण्यांचा सगळाच्या सगळा मजकूर वाचून झालाय, संगणकावर बसल्याबसल्या ताडून बघता येतो. मग, उंदराची चंचल जागा हत्तीतही चंचल असते का? बऱ्याच ठिकाणी असते, ती म्हणाली, काही ठिकाणी नसते, आणि का नसते यावर अजून भांडणं आहेत. मला वाटलं, हे ऐकायला सर हवे होते. भांडायला तर हवेच होते. त्यांना उत्तर मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं, पण ते त्या भांडणात कधी बसलेच नाहीत, याचं जास्त वाईट वाटतं.

अक्का दुसऱ्या वर्षी आजारी पडल्या आणि उठल्या नाहीत. सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. एका सकाळी डॉक्टर येऊन मान हलवून गेले. शेजारणी जमल्या. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी विचारलं, घरात गंगा आहे का? सरांनी खाली बघितलं. अक्कांनी ऐकलं असावं. त्यांनी देवघराकडे बोट केलं.

“मागे... रेशमात. मी ठेवलं होतं, मजसाठी.”

मीच देवघरापाशी गेले. देवांच्या मागे रेशमी खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली ती कुपी होती, सरांनी बुचावर लावलेलं मेणही तसंच. पट्टीवर काळ्या शाईचा उभा माणूस. बदरीचं तीर्थ त्यांनी कावेरीलाही दिलं नव्हतं.

मी ती सरांच्या हातात दिली. त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं की त्यात काय आहे. त्यांच्या सगळ्या कामातलं तेवढंच उरलं होतं, आणि ते त्यांचं स्वतःचंच होतं. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तूच आणलंस,” अक्का म्हणाल्या. “तूच घाल.”

सरांनी मेण नखानं काढलं. तुळशीच्या पानावरून दोन थेंब त्यांच्या ओठांत सोडले. अक्कांनी ते गिळले, आणि भावाच्या हातावर हात ठेवला. नंतर फार वेळ लागला नाही.

बायका रडत होत्या तेव्हा सर परसात विहिरीपाशी आले. कुपी हातातच होती. “निम्मं तिचंच होतं,” ते मला म्हणाले. “एका आईबापाची आम्ही. निम्मं तरी तिचं असतंच.” आणि मग ते रडले.

दिवस झाल्यावर ते पुन्हा कॉलेजला जाऊ लागले. पहिल्या संध्याकाळी मी माडीच्या जिन्यात होते. मोपेड दारात थांबली. आतून कुणी काही विचारलं नाही. सरांनी पाय धुतले, आत गेले आणि अक्का बसायच्या त्या चटईसमोर जमिनीवर बसले. मला वाटलं, डोळे मिटून बसतील. पण त्यांनी घसा साफ केला. पहिल्या बाकावरच्या मुलांना शिकवताना करत तसा.

“अक्का,” ते म्हणाले, “उंदीर शिकवतों म्हणजे काय करतों, तें आज सांगतों. पहिल्यापासून सांगतों. तू ऐक.”